‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ : एका त्रुटिसंदेशाची समीक्षा

गोषवारा

नेटवर्कवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर आणि आभासी सर्व्हर चालविणारी यंत्रणा यांच्यातील लॉगिन अयशस्वी झाले की पडद्यावर बहुधा एकच वाक्य उमटते : वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे. प्रस्तुत लेखात या वाक्याकडे एक संहिता म्हणून पाहिले आहे. ही संहिता मुळात कोणत्या वाचकासाठी घडली, आज तिचा वाचक कोण आहे, ती काय सांगते व काय झाकते, आणि तिच्या चुकीच्या वाचनातून कोणते धोके संभवतात, यांची चिकित्सा येथे केली आहे. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांसारख्या मर्यादित मनुष्यबळाच्या संस्थांच्या दृष्टीने या चिकित्सेचे काही व्यावहारिक निष्कर्षही अखेरीस मांडले आहेत.

बीजसंज्ञा : त्रुटिसंदेश, देखरेख-प्रणाली, हायपरव्हायझर, ओळख, अधिकार, सेवा-खाते.

प्रस्तावना

समीक्षेचा विषय साहित्यकृतीच असला पाहिजे, हा संकेत आता शिथिल झाला आहे. जाहिरात, पाठ्यपुस्तक, शासकीय परिपत्रक यांचीही समीक्षा होऊ लागली आहे. संगणकाच्या पडद्यावर उमटणारा त्रुटिसंदेश मात्र अद्याप समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिला आहे. तो वाचला जातो, त्यावर त्रागा केला जातो आणि काम सुरू झाले की तो विसरला जातो. वस्तुतः अशा एका वाक्याच्या आधारे संस्थेत निर्णय घेतले जातात, कोणाला तरी दोषी ठरविले जाते आणि कधी कधी सबंध संस्थेच्या माहितीची सुरक्षितता पणाला लागते. एवढा परिणाम घडविणारे वाक्य बारकाईने वाचले गेले पाहिजे, ही या लेखामागील भूमिका आहे.

विषयाची तांत्रिक पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. एका सक्षम सर्व्हरवर हायपरव्हायझर नावाचे सॉफ्टवेअर बसवून त्याच्या पोटात अनेक आभासी सर्व्हर चालविण्याच्या पद्धतीस व्हर्च्युअलायझेशन असे म्हणतात. व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय, मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आणि मुक्तस्रोत परंपरेतील प्रॉक्समॉक्स ही या वर्गातील परिचित नावे होत. महाविद्यालयात कार्यालयाची संगणकप्रणाली, ग्रंथालयाची तालिका आणि प्रयोगशाळेचा सर्व्हर ही तिन्ही कामे एकाच यंत्रावर होऊ शकतात ती या पद्धतीमुळे. सगळी कामे एका यंत्रावर आली म्हणजे त्या यंत्राच्या प्रकृतीकडे सतत लक्ष ठेवणे ओघानेच आले. हे काम देखरेख-प्रणाली करते. १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने सुरू झालेली आणि २००२ पासून नेगिऑस या नावाने ओळखली जाणारी प्रणाली, झॅबिक्स, तसेच चेन्नई येथील झोहो समूहाची ऑपमॅनेजर ही तिची उदाहरणे आहेत.

देखरेख-प्रणालीला हायपरव्हायझरची आतली माहिती हवी असेल, तर तिला ठरावीक अंतराने त्याच्या दारावर थाप मारून, आपले नाव व पासवर्ड सांगून आत जावे लागते. हे लॉगिन माणसाचे नसून एका यंत्राचे दुसऱ्या यंत्रात होणारे लॉगिन असते. ते फसले की जे वाक्य उमटते, ते आपल्या समीक्षेचा विषय आहे.

१. संहिता आणि तिचा मूळ वाचक

या वाक्यातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘किंवा’ हा होय. नाव चुकले की पासवर्ड चुकला, हे यंत्राला नेमके ठाऊक असते. तरीही ते सांगत नाही. हे अज्ञान नसून हेतुपुरस्सर बाळगलेले मौन आहे, आणि त्यामागे एक इतिहास आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये युनिक्स प्रणालीतील पासवर्डच्या सुरक्षिततेविषयी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. अस्तित्वात नसलेले नाव टंकले असता आरंभीची युनिक्स प्रणाली लगेच नकार देत असे. खरे नाव टंकले असता मात्र पासवर्ड पडताळण्याच्या गणितात थोडा वेळ जात असे. या वेळेच्या फरकावरूनच कोणती नावे खरी आहेत, हे परक्या माणसास ताडता येई. त्यामुळे नाव खोटे असले तरीही पडताळणीचे गणित करावयाचेच, अशी दुरुस्ती करण्यात आली. नकार देताना शब्दांनीच नव्हे, तर वेळेनेही काही सुचवू नये, असा हा दंडक आहे. आजही सुरक्षिततेच्या क्षेत्रात सर्वसाधारण शब्दांत नकार द्यावा, हीच शिफारस केली जाते.

म्हणजे ही संहिता ज्या वाचकासाठी घडली, तो वाचक दारात उभा असलेला अनोळखी माणूस होता. त्याला काहीही कळू न देणे हेच तिचे प्रयोजन होते, आणि त्या प्रयोजनास ती पुरेपूर उतरली आहे. परंतु येथे वाचक बदलला आहे. देखरेख-प्रणाली दर ५ मिनिटांनी एकदा लॉगिन करीत असेल, तर दिवसाला २८८ वेळा ती त्याच दारात उभी राहते. ती अनोळखी नाही. संस्थेनेच तिला नेमलेले आहे. तिच्या वतीने हा संदेश वाचणारा मनुष्यही संस्थेचाच कर्मचारी असतो. परक्यासाठी रचलेले वाक्य घरच्या माणसाला ऐकविले जाते, तेव्हा सावधपणाचे रूपांतर दिशाभुलीत होते.

या वाक्याचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ‘नाव किंवा पासवर्ड’ असे म्हणताना ते दोनच शक्यता मांडते आणि जणू तिसरी शक्यताच नाही असे भासविते. प्रत्यक्षात नाव अचूक व पासवर्ड अचूक असतानाही लॉगिन नाकारले जाऊ शकते, आणि अनेकदा नाकारले जाते. म्हणजे हे वाक्य केवळ संदिग्ध नाही, काही प्रसंगी ते असत्यही असते. संदिग्धतेचे समर्थन सुरक्षिततेच्या तत्त्वावर करता येईल. मात्र कारण तिसरेच असताना दोषाचा रोख वापरकर्त्याकडे वळविण्याचे समर्थन करणे कठीण आहे.

२. एका वाक्याआडची कारणे : पोहोच, ओळख, अधिकार

या वाक्यामागे दडलेल्या कारणांची वर्गवारी प्राध्यापक वाचकांस परिचित अशा एका व्यवस्थेच्या साहाय्याने करता येईल. परीक्षा-केंद्रावर विद्यार्थ्यास तीन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली, वेळेत फाटकापर्यंत पोहोचणे. दुसरी, ओळखपत्र दाखवून आपण कोण हे सिद्ध करणे. तिसरी, त्या विषयास बसण्याचा अधिकार असल्याचे प्रवेशपत्र दाखविणे. तिन्हींपैकी कोणतीही एक गोष्ट चुकली तरी विद्यार्थी बाहेरच राहतो. परंतु तिन्ही प्रसंगी त्यास ‘तुझे ओळखपत्र खोटे आहे’ असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

पहिला वर्ग पोहोचीचा. ईएसएक्सआय आणि त्याचे केंद्रीय व्यवस्थापन करणारे व्ही-सेंटर यांच्याशी होणारे संभाषण मुख्यतः ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून, तर प्रॉक्समॉक्सशी होणारे ८००६ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते. मध्ये फायरवॉल आड आली की थापच दारापर्यंत पोहोचत नाही. दारापर्यंत पोहोचल्यावरही दोघांना एका सांकेतिक भाषेत बोलावे लागते. व्हीस्फिअरच्या ६.७ या आवृत्तीपासून टीएलएस या संकेतपद्धतीच्या १.० व १.१ या जुन्या आवृत्त्या मूळ मांडणीतच बंद ठेवण्यात आल्या. जुनी देखरेख-प्रणाली अशा सर्व्हरपुढे जाते, तेव्हा नाव सांगण्याची वेळ येण्यापूर्वीच संभाषण तुटते. हायपर-व्हीच्या बाबतीत असाच प्रकार मायक्रोसॉफ्टच्या डीकॉम या व्यवस्थेच्या कडक केलेल्या नियमांमुळे घडला. १४ मार्च २०२३ च्या अद्ययावतीकरणानंतर हे नियम बंद करण्याची सोय उरली नाही, आणि त्या नियमांशी जुळवून न घेतलेल्या जुन्या प्रणालींना पासवर्ड अचूक असूनही नकार मिळू लागला.

दुसरा वर्ग ओळखीचा. येथे पासवर्ड चुकण्याचे सरळ कारण असतेच. पण त्याखेरीजही अनेक कारणे असतात. एकच नाव वेगवेगळ्या क्षेत्रांत वेगवेगळ्या व्यक्तींचे असू शकते. ईएसएक्सआयवरील ‘रूट’ हे खाते व्ही-सेंटरला ठाऊक नसते. प्रॉक्समॉक्समध्ये नावापुढे ‘पॅम’ की ‘पीव्हीई’ हे क्षेत्र लिहिल्याखेरीज नाव पूर्ण होत नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले की वडिलांचे नाव विचारावे लागते, तसाच हा प्रकार आहे. त्यानंतर मुदतीचा प्रश्न येतो. व्ही-सेंटरच्या अंतर्गत खात्यांच्या पासवर्डची मुदत मूळ मांडणीत ९० दिवसांची असते. माणसाचे खाते असेल, तर त्याला पासवर्ड बदलण्याची सूचना मिळते व तो बदलतो. यंत्राला सूचना मिळाली तरी ती समजत नाही. परिणामी, ९० दिवस सुरळीत चाललेली देखरेख ९१व्या दिवशी थांबते, आणि कोणीही कशालाही हात लावलेला नसताना ‘पासवर्ड चुकीचा’ ठरतो. घड्याळाचाही येथे संबंध येतो. विंडोज डोमेनमध्ये वापरली जाणारी कर्बेरॉस ही पडताळणीची पद्धत दोन यंत्रांच्या घड्याळांत ५ मिनिटांहून अधिक फरक मूळ मांडणीत चालवून घेत नाही.

तिसरा वर्ग अधिकाराचा. ओळख पटली, दार उघडले, पण आत काहीच दिसत नाही, असा हा प्रसंग होय. व्ही-सेंटरमध्ये खात्यास केवळ वाचनाचा अधिकार दिला, पण तो खालच्या सर्व पायऱ्यांना लागू करण्याची खूण करावयाची राहिली, तर लॉगिन यशस्वी होते आणि सर्व्हरची यादी रिकामी येते. प्रॉक्समॉक्समध्ये पासवर्डऐवजी टोकन वापरले असता त्या टोकनास स्वतंत्र अधिकार द्यावे लागतात. ते न दिल्यास खात्याचे अधिकार पुरेसे असूनही टोकन रिक्तहस्ते परतते. अशा वेळी देखरेख-प्रणाली ‘जोडणी अयशस्वी’ असा शेरा देऊन मोकळी होते आणि दोष पुन्हा पासवर्डाकडे जातो.

पोहोच, ओळख आणि अधिकार हा क्रम केवळ वर्गवारीचा नाही, शोधाचाही आहे. पहिली पायरी तपासल्याखेरीज दुसरीवर जाऊ नये. आपल्याकडे बहुधा उलटा क्रम दिसतो. पासवर्ड बदलण्यापासून आरंभ होतो आणि त्यातूनच नवा बिघाड जन्म घेतो, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

३. एकच घटना, दोन संहिता

ईएसएक्सआयच्या ६.० या आवृत्तीपासून वारंवार चुकीचे लॉगिन झाल्यास खाते काही काळ लॉक करण्याची व्यवस्था आली. त्या आवृत्तीत १० चुकांनंतर २ मिनिटे, तर ७.० या आवृत्तीत ५ चुकांनंतर १५ मिनिटे खाते बंद राहते, अशी मूळ मांडणी आहे. आता पुढील प्रसंग पाहू. प्रशासकाने शिस्त म्हणून रूट खात्याचा पासवर्ड बदलला. पण देखरेख-प्रणालीत जुनाच पासवर्ड साठवलेला राहिला. ती नेमाने थाप मारीत राहते आणि प्रत्येक वेळी चुकते. थोड्याच अवधीत खाते लॉक होते. १५ मिनिटांनी ते उघडते न उघडते तोच पुन्हा जुन्या पासवर्डाचा मारा सुरू होतो. दरम्यान प्रशासक स्वतः नवा, अचूक पासवर्ड टंकतो आणि त्यालाही तेच उत्तर मिळते : नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे. तो गोंधळतो, पासवर्ड पुन्हा बदलण्याचा प्रयत्न करतो आणि गुंता वाढतो. प्रत्यक्षात सर्व्हरसमोर बसून त्याच्या मूळ पडद्यावरून लॉगिन केल्यास तो आत जाऊ शकतो, कारण हे लॉक केवळ दूरस्थ मार्गांना लागू असते. परंतु संदेशात याचा मागमूसही नसतो.

समीक्षेच्या दृष्टीने खरी लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. याच घटनेची दुसरी नोंद त्याच सर्व्हरच्या आत झालेली असते. रूट खात्याचा दूरस्थ प्रवेश इतक्या चुकांनंतर इतके सेकंद रोखला आहे, असे ती नोंद स्वच्छ शब्दांत सांगते. तीत खाते, संख्या आणि कालावधी तिन्ही असतात, दोषारोप नसतो. म्हणजे दारावरची संहिता मौन पाळते आणि आतली संहिता सत्य सांगते. या दोन्ही एकाच यंत्राने, एकाच घटनेविषयी रचलेल्या आहेत. बिघाडाचा उलगडा होत नाही याचे कारण माहितीचा अभाव हे नसून, आपण चुकीची संहिता वाचत बसतो हे आहे.

दारावरचे वाक्य ही साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्षीदार खोटे बोलत नसला तरी अर्धे बोलू शकतो. महाराष्ट्राच्या अलीकडील इतिहासातील एक प्रसंग या संदर्भात उद्बोधक आहे. २१ मार्च २०२१ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेत संगणकीय सेवा बंद पडल्याची स्वयंचलित सूचना आली. सूचना खरी होती. पण तिच्यात ‘बंद’ एवढेच होते. तो रॅन्समवेअरचा हल्ला असल्याचे त्याच दिवशी पुढील विश्लेषणानंतर निश्चित झाले, आणि क्लाउडवरील तसेच स्थानिक अशा दोन्ही प्रकारच्या सर्व्हरवरील माहिती त्यात बाधित झाल्याचे महामंडळाने जाहीर केले. लॉगिन-अपयशाचे हे उदाहरण नव्हे. परंतु देखरेख-प्रणालीचा संदेश आणि घटनेचे निदान यांत किती अंतर असते, हे त्यावरून ध्यानात येते. ते अंतर माणसाने चालून जावयाचे असते.

४. रूढ उपायाची चिकित्सा

लॉगिन-अपयशावरील सर्वांत रूढ उपाय असा : देखरेख-प्रणालीला सर्वाधिकारी खात्याचेच नाव व पासवर्ड देऊन टाकणे. उपाय लागू पडतो. अधिकाराचे सर्व प्रश्न एका झटक्यात मिटतात, यादी भरून येते, पडद्यावरील लाल खुणा हिरव्या होतात. त्यामुळे हा उपाय शहाणपणाचा समजला जातो. वस्तुतः येथे संदेश नाहीसा होतो. दोष कायम राहतो आणि त्याला मोठी सत्ता मिळते.

विदर्भातील वाचकांना गावच्या कोतवालाची आठवण करून द्यावीशी वाटते. गावात काय घडले याची वर्दी देणे, दवंडी पिटणे, निरोप पोहोचविणे ही त्याची कामे होती. तो सर्वत्र फिरे, सर्व पाही. पण मालगुजाराच्या कोठाराची किल्ली त्याच्या कमरेला नसे. पाहण्याचा अधिकार आणि उघडण्याचा अधिकार यांत गावगाड्याने जो भेद राखला, तोच भेद आपण सर्व्हरच्या खोलीत पुसून टाकतो. देखरेख-प्रणाली ही कोतवालाच्या जागी आहे. तिला वाचनापुरते खाते पुरते.

याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. अमेरिकेतील सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या देखरेख-प्रणालीच्या अद्ययावत आवृत्तींत घुसखोरांनी आपला संकेत मिसळल्याचे डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आले. बाधित आवृत्ती बसविणाऱ्या ग्राहकांची संख्या १८ हजारांच्या घरात असू शकते, असे कंपनीनेच सांगितले. देखरेख-प्रणाली सर्वांच्या घरात शिरलेली असते, आणि अनेक ठिकाणी तिच्या हाती किल्ल्यांचा जुडगाही असतो. म्हणूनच घुसखोरांनी तिची निवड करावी यात नवल नाही.

दुसरे उदाहरण थेट हायपरव्हायझरचे आहे. विंडोज डोमेनशी जोडलेल्या ईएसएक्सआय सर्व्हरवर ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ या नावाच्या गटातील सर्वांना पूर्ण अधिकार मिळत असत. असा गट मुळात प्रशासकाने निर्माण केला आहे की कोणी मागाहून त्या नावाने तयार केला, याची शहानिशा होत नसे. रॅन्समवेअर टोळ्यांनी या उणिवेचा लाभ घेतल्याचे मायक्रोसॉफ्टने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या वर्गातील सर्व्हर योग्य माणसालाही नाकारतो. हा सर्व्हर केवळ नावावर विश्वासून अयोग्य माणसाला स्वीकारतो. नाकारलेले लॉगिन निदान पडद्यावर दिसते तरी. नको त्याला मिळालेल्या प्रवेशाविषयी कोणताही त्रुटिसंदेश उमटत नाही. त्रुटिसंदेश नाही म्हणजे त्रुटी नाही, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

५. मराठी परिभाषेचा प्रश्न

या चर्चेस भाषेची एक बाजू आहे. ‘लॉगिन’ या शब्दासाठी मराठीत ‘प्रवेश’ हा शब्द योजला जातो. महाविद्यालयात ‘प्रवेश’ म्हटले की जून महिना आठवतो, ही अडचण गौण आहे. खरी अडचण अशी की, ‘प्रवेश अयशस्वी’ या शब्दप्रयोगात पोहोच, ओळख आणि अधिकार हे तिन्ही अर्थ एकत्र कोंबले जातात. इंग्रजीत ओळख पटविणे आणि अधिकार देणे यांसाठी दोन स्वतंत्र, परंतु ऐकण्यास सारखे वाटणारे शब्द आहेत, आणि तेथेही त्यांची गल्लत होते. मराठीत ‘ओळख’ व ‘अधिकार’ हे शब्द ध्वनीने, अर्थाने आणि वापराने इतके भिन्न आहेत की गल्लत होण्याचे कारणच नाही. असे असता ‘प्रमाणीकरण’ आणि ‘प्राधिकृतीकरण’ असे दोन जड शब्द घडवून आपण इंग्रजीतील गोंधळ मराठीत आणतो.

ज्या संकल्पनेस भाषेत सोपा शब्द आहे, तिला तो नाकारणे हे परिभाषेचे गांभीर्य नव्हे. प्रयोगशाळा-सहायक दूरध्वनीवरून जर ‘ओळख पटते आहे, पण अधिकार कमी पडतो आहे’ असे सांगू शकला, तर निम्मे निदान तेथेच झाले. ‘लॉगिन होत नाही’ हे वाक्य मात्र त्रुटिसंदेशाइतकेच मुके आहे.

६. महाविद्यालयीन व्यवस्थेच्या संदर्भात

भंडारा जिल्ह्यातील सातही तालुक्यांत महाविद्यालये आहेत. त्यांच्यापैकी लहान संस्थांत सर्व्हर सांभाळण्यासाठी स्वतंत्र पद असणे दुर्मीळच. हे काम संगणकशास्त्राचा प्राध्यापक, प्रयोगशाळा-सहायक किंवा नागपूरहून बोलावलेला तंत्रज्ञ यांच्यात वाटले जाते. सर्व्हर बसविणारा एक, देखरेख-प्रणाली बसविणारा दुसरा आणि संदेश वाचणारा तिसरा, अशी स्थिती असते. तिसऱ्याने पासवर्ड चुकविला, असेच मग ते वाक्य सुचविते. वास्तविक, त्या पासवर्डाचा धनी कोण, हेच कधी ठरलेले नसते.

या जिल्ह्याला असा प्रश्न नवा नाही. मालगुजारीच्या काळात बांधले गेलेले मामा तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर शासनाकडे आले. तलाव राहिले, पाणी राहिले. पण गाळ काढायचा कोणी आणि पाळ सांभाळायची कोणी, हा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला. सेवा-खात्याचेही तसेच आहे. ज्याचा धनी ठरलेला नाही, त्याची निगा कोणीच राखत नाही.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. विद्यार्थ्यांची नावे, जातीचे दाखले, गुण, बँक-खात्यांचे तपशील हे सर्व त्या आभासी सर्व्हरांत असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अशा माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी ती बाळगणाऱ्या संस्थेवर ठेवली आहे. त्याआधी, २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने दिलेल्या निर्देशांत यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळविणे, लॉग १८० दिवस जपणे आणि विहित प्रकारच्या सायबर घटनांची माहिती ६ तासांत कळविणे या गोष्टी सांगितल्या आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पहिल्या दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. घड्याळ जुळले की लॉगिन-अपयशाचे एक कारण निघून जाते. लॉग जपले की आतली, सत्य सांगणारी संहिता वाचावयास उपलब्ध राहते.

यावरून काही सूचना निष्पन्न होतात. देखरेखीसाठी स्वतंत्र, केवळ वाचनाचा अधिकार असलेले खाते असावे आणि त्याचे नाव व्यक्तीवरून नव्हे, तर कामावरून ठेवावे. त्या खात्याचा धनी कार्यालयीन आदेशाने निश्चित करावा. बदली वा सेवानिवृत्तीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत त्याची नोंद व्हावी. पासवर्ड बदलण्याच्या दिवशी आधी देखरेख थांबवावी, मग पासवर्ड बदलावा, देखरेख-प्रणालीत तो भरावा आणि त्यानंतरच ती सुरू करावी. खाते लॉक झाल्याची शंका असल्यास नवा पासवर्ड टंकण्यापूर्वी चुकीची थाप कोठून येते, ते आतल्या नोंदींतून शोधावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ब्रॉडकॉमकडे गेल्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसएक्सआयची विनामूल्य आवृत्ती बंद झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये ती पुन्हा उपलब्ध झाली. या काळात ज्या संस्थांनी प्रॉक्समॉक्ससारखा पर्याय स्वीकारला असेल, त्यांनी जुन्या खात्यांची नक्कल न करता अधिकारांची नव्याने मांडणी करणे श्रेयस्कर.

समारोप

त्रुटिसंदेश अधिक बोलका करावा, हा उपाय येथे सुचविलेला नाही. दारावरचे मौन परक्यासाठी आवश्यक आहे. ते मोडले तर मॉरिस आणि थॉम्पसन यांनी बुजविलेली फट पुन्हा उघडेल. आक्षेप आहे तो दोन गोष्टींवर. पहिला आक्षेप देखरेख-प्रणालींच्या रचनेवर आहे. ओळख नाकारली गेल्यावरही तोच पासवर्ड घेऊन दिवसभर थापा मारीत राहणारी प्रणाली ही वाईट वाचक होय. पहिल्या काही नकारांनंतर तिने थांबावे आणि माणसाला हाक मारावी, एवढी अपेक्षा तिच्याकडून करणे गैर नाही. दुसरा आक्षेप आपल्या वाचनाच्या सवयीवर आहे. दारावरचे वाक्य अंतिम मानून आपण एकतर हाताखालच्या माणसाला दोष देतो, नाहीतर सर्वाधिकारी किल्ली देऊन वाक्यच पुसून टाकतो. दोन्ही प्रकारांत आतली नोंद कोणी वाचत नाही.

संहितेत काय लिहिले आहे यासोबतच ती कोणासाठी लिहिली आहे, हेही पाहावे, असे आपण साहित्याच्या वर्गात विद्यार्थ्यांना सांगत असतो. तेच तत्त्व सर्व्हरच्या खोलीत लागू केले, तर पासवर्ड बदलण्याआधी नोंद वाचली जाईल, आणि दोष माणसाकडे जाण्याआधी कारणाकडे जाईल. संस्थेने त्यासाठी नोंदी वाचणारा एक माणूस नेमावा आणि त्या कामाला वेळापत्रकात जागा द्यावी.